व्याख्यानांपुरती मंजुरी

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करत. शहरातल्या कितीतरी इमारतींचं पोट त्यांना आतून माहीत होतं. कुठली तार कुरकुरते, कुठल्या मजल्यावर दार दाताखाली खडा आल्यासारखं अडतं, कुठली मोटर खरंच कण्हते आणि कुठली नुसते नखरे करते, सगळं ते कानाने ओळखत. शाफ्टच्या तोंडाशी उभं राहायचं, डोळे मिटून जरा ऐकायचं आणि म्हणायचं, "बेअरिंग गेलंय." उघडून बघावं तर गेलेलंच असायचं.

अशा माणसाच्या घरी बहिरी मुलगी जन्माला आली. मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "दोघांच्या वाट्याचं ऐकणं तूच घेऊन बसलास. पोरीला काय उरणार?"

पोरीचं घरातलं नाव बिट्टी. तिच्या आईने कपाळाला हात लावून बसण्यात वेळ घालवला नाही. बहिऱ्या मुलांच्या शाळेत बिट्टीला घातलं तेव्हा ती स्वतःही मागच्या बाकावर जाऊन बसली आणि पोरीबरोबर खुणांची भाषा शिकली. मिस्त्रींना म्हणाली, "तुम्हीही चला."

"तू शीक आणि मला सांग," मिस्त्री म्हणाले. "मला कुठली आलीय सवड?"

अशी वाटणी झाली. आई बोलणार, बाप कमावणार. जेवताना बिट्टीचे हात भराभर चालायचे, आई हसायची, आणि मिस्त्री घास तोंडात धरून विचारायचे, "काय म्हणतेय?" आई दहा वाक्यांचं एक करून सांगायची. त्यांना स्वतःला मोजक्या खुणा येत होत्या: जेव, झोप, दार लाव, दुखतंय का. आणखी एक येत होती, ती सर्वांत जास्त वापरातली. चार माणसं बोलत असली, हसत असली, की बिट्टी बापाची बाही ओढून डोळ्यांनी विचारायची, काय झालं? मिस्त्री तळहात हवेत खाली दाबायचे. नंतर. नंतर सांगतो.

बिट्टी लोकांचे ओठ चांगले वाचायची. बापाचे मात्र तिला कधी वाचता आले नाहीत, कारण वरच्या ओठावर मिशीचं छप्पर. आई म्हणायची, "ते झुडूप तेवढं छाटा हो." मिस्त्री म्हणायचे, "वडिलांनी ठेवली, मी ठेवली. मिशी काय पोरीच्या सोयीसाठी असते?" आणि सगळे हसायचे. बिट्टी हसणाऱ्या तोंडांकडे बघत बसायची.

बिट्टी शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना आई गेली. साधं पोटाचं दुखणं म्हणून दवाखान्यात गेली, ती घरी आलीच नाही. मागे दोन माणसं उरली आणि त्या दोघांत मिळून एक पुरती भाषा नव्हती. फोनवर निरोप लिहून काम भागायचं. 'जेवण झाकून ठेवलंय.' 'उशीर होईल.' 'किल्ली शेजारी आहे.' एवढ्यावर संसार चालतो, हे मिस्त्रींना कळलं. त्याला चालणं म्हणावं का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

बिट्टीला रसायनशास्त्र शिकायचं होतं. अक्का म्हणाली, "शिवण शिकव, पोटापुरतं मिळवेल." पण पोरीने आपलीआपण माहिती काढली, विद्यापीठाच्या मदत कक्षात जाऊन बसली, आणि अपंग विद्यार्थ्यांसाठीच्या निधीतून तिला एक दुभाषीबाई मिळाली. ही बाई सडपातळ, केस घट्ट बांधलेली आणि कायम काळ्या कपड्यांतली. मिस्त्रींना पहिल्यांदा वाटलं की हिच्या घरी कुणीतरी गेलंय. मग बाईंनीच सांगितलं, काळ्यावर हात नीट दिसतात. शिक्षक बोलायचे आणि बाईंचे हात फळ्याशेजारी चालू राहायचे. वर्गात बाई, प्रयोगशाळेत बाई. पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा बिट्टी वर्गात दुसरी आली होती. मिस्त्रींनी तो निकाल फोनवर जपून ठेवला आणि लिफ्टच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवला.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मदत कक्षातून बोलावणं आलं. साहेब तरुण होते, बोलायला गोड. टेबलावर पाण्याचा पेला झाकलेला, मागे भिंतीवर हसणाऱ्या विद्यार्थ्यांची चित्रं. त्या दिवशी दुभाषीबाई दुसऱ्या कामावर होत्या. साहेब मिस्त्रींकडे बघूनच बोलत राहिले.

"निधी आटलाय, काका. सगळ्यांनाच थोडं थोडं आवळून घ्यावं लागणार. मुलीला व्याख्यानांपुरती दुभाषी मंजूर केलीय. प्रयोगशाळेसाठी नाही."

"प्रयोगशाळेत नको?"

"तिथे गरज काय? प्रयोग बघायचे असतात, हातांनी करायचे असतात. ऐकायचं असतं कुठे?"

मिस्त्रींना ते पटलं. खरंच, हातांनी करायच्या कामाला कान कशाला? क्षणभर त्यांना हेही आठवलं नाही, की ते स्वतः हातांनी काम करत होते आणि सगळं कानांवर करत होते. ते म्हणाले, "बरोबर आहे, साहेब."

बिट्टीने साहेबांचे ओठ वाचले होते. ती उठून उभी राहिली आणि हात जोरात हलवू लागली. साहेब कसनुसं हसले. मिस्त्रींनी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं आणि तळहात दाबला. नंतर.

बाहेर जिन्यात तिने फोनवर लिहून त्यांच्या नाकासमोर धरलं: 'तक्रार करायची आहे. तुम्ही माझ्याबरोबर चला. मोठ्याने बोलणारं कुणीतरी लागतं.'

मिस्त्रींनी एका बोटाने उत्तर टाइप केलं: 'मिळतंय तेवढं घे. भांडलीस तर आहे तेही जाईल.'

तिने ते वाचलं आणि फोन खिशात टाकला. तक्रार तिने एकटीने केली. दुभाषीबाईंनीही केली. दोघींना आभाराचं पत्र आलं. काही दिवस बाई फुकटात प्रयोगशाळेत येऊन उभ्या राहिल्या. मग त्यांच्या संस्थेने कान उपटले, आणि बाईंनाही घर होतं, भाडं होतं. प्रयोगांच्या वेळेत त्यांना दवाखान्यातलं काम मिळालं. प्रयोगशाळेतून त्या गेल्या.

बिट्टीने वर्ष तसंच रेटलं. कागदावर छापलेल्या सूचना आधी पाठ करून जायची. प्रयोगाची जोडीदारीण चांगली होती, गोल चेहऱ्याची, सतत काहीतरी चघळणारी. सर काही बोलले की ती बिट्टीच्या वहीच्या कडेला दोन शब्द लिहायची. विद्यापीठाला जे परवडत नव्हतं ते काम ती पोरगी पेन्सिलच्या तुकड्याने करत होती. पण तिलाही स्वतःचं काम होतं, आणि ती दर वेळी शेजारी असेल असं कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

झालं ते असं. आम्लाची एक बाटली भांडारातून चुकीची भरून आली होती. वर चिठ्ठी पातळ आम्लाची, आत जहाल. सरांच्या ते लक्षात आलं तेव्हा निम्म्या टेबलांवर काम सुरू झालं होतं. सर दाराशी उभं राहून ओरडले, "बाटलीला कुणी हात लावू नका!" सगळ्यांचे हात थांबले. जोडीदारीण वजनकाट्यापाशी होती. बिट्टीची पाठ दाराकडे होती. तिने कागदावर लिहिल्याप्रमाणे बाटली उचलली आणि तापलेल्या चंबूत धार सोडली. जोडीदारीण धावत आली. धावताना ती बिट्टीचं नाव घेऊन किंचाळत होती, असं मागाहून कळलं. तिने बिट्टीचा हात ओढला, त्याच वेळी चंबू उसळला. बिट्टीच्या बाहीला भोकं पडली. जोडीदारणीच्या गालावर आणि मानेवर उडालं.

मिस्त्री शाफ्टमध्ये होते. निरोप मिळाला तसे हात न पुसता दवाखान्यात गेले. बिट्टी पांढरा कोट घालूनच बाकावर बसली होती, दोन्ही हात काखेत दाबून. जोडीदारणीचे आईवडील समोर होते. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांच्याशी बोलू लागले. डोळा वाचला आहे. मानेवरचे डाग मात्र राहतील. जोडीदारणीची आई भिंतीला टेकून खाली बसली.

बिट्टीने बापाची बाही ओढली. काय झालं?

वर्षानुवर्षांची सवय. मिस्त्रींचा तळहात हवेत खाली दाबला गेला.

बिट्टी त्या हाताकडे बघत राहिली. मग उठली, नर्सच्या टेबलाशी गेली, तिथलं पेन उचलून स्वतःच्या तळहातावर लिहिलं आणि नर्ससमोर धरलं: 'डोळा?' नर्सने मान हलवली, अंगठा वर केला. तेव्हा कुठे ती पोर तिथेच उभ्या उभ्या रडली. तिच्या रडण्याचा आवाज मोठा आणि ओबडधोबड होता. सगळे वळून बघू लागले, आणि मिस्त्रींना, मुलीच्या दुःखाच्या आधी, लोकांची लाज वाटली.

चौकशी समिती बसली. मिस्त्री मदत कक्षात गेले. "साहेब, चौकशीला दुभाषीबाई द्या."

"काका, मंजुरी व्याख्यानांपुरती आहे. चौकशी म्हणजे काही व्याख्यान नव्हे."

"बाई फुकट यायला तयार आहेत."

"त्यांनी याच प्रकरणात आधी तक्रार केलीय. त्या निःपक्ष कशा? घरचं कुणी चालेल. तुम्ही घरी खुणांनीच बोलता ना?"

मिस्त्री म्हणाले, "हो, बोलतो की." बापाला पोरीशी बोलता येत नाही, हे परक्या माणसासमोर कसं सांगायचं? जीभ रेटेना.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. अध्यक्षबाई वयस्कर, आवाजाने मऊ, चष्म्याला साखळी. शेजारी प्रयोगशाळेचे सर, रात्रभर झोप न झालेल्या चेहऱ्याचे. एका कोपऱ्यात टंकलेखक, जे बोललं जाईल ते टिपून घ्यायला. फोन बाहेर ठेवायला लावले होते. बिट्टीने वही उघडली तशा अध्यक्षबाई म्हणाल्या, "लिखित निवेदन आम्ही वाचलंय. आता फक्त प्रश्न आहेत. वडील सांगतील ना तुला? तेच बरं, पटकन होईल."

सर बोलले. "मी घसा फोडून सांगितलं. सगळे थांबले. एकटी ही थांबली नाही."

"तिला ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाले.

"ते आम्हाला माहीत आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "प्रश्न एवढाच आहे: आजूबाजूची मुलं काम थांबवून उभी राहिली होती, ते तिला दिसलं होतं का? दिसूनही तिने काम चालू ठेवलं का? विचारा तिला."

मिस्त्रींनी पोरीकडे तोंड केलं. हात वर उचलले आणि ते हात किती रिकामे आहेत ते त्यांना कळलं. त्यांनी सगळीकडे बोट फिरवलं, म्हणजे बाकीचे. पंजा उभा धरला, म्हणजे थांबले. डोळ्यांकडे बोट नेलं. तू बघितलंस?

बिट्टीने ते जुळवून घेतलं. मान हलवली आणि सांगू लागली. लहान पोराला सांगावं तसं हळूहळू, ओठही हलवत. दोन बोटं डोळ्यांपासून पुढे नेली. बाकीच्यांकडे दाखवलं. मग डाव्या पंजावरून उजवा हात पुढे सरकवला. मग दोन्ही मुठी एकदम उघडल्या, चेहऱ्यासमोर, जसं काही उसळतं. पुन्हा डाव्या पंजावरून उजवा हात. तिने तो भाग दोनदा केला. तिला तो महत्त्वाचा वाटत होता.

मिस्त्रींना 'बघितलं' समजलं. 'बाकीचे' समजलं. तो सरकणारा हात त्यांना समजला नाही. त्यात काहीतरी आहे, हे मात्र समजलं.

"काय म्हणाली?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

'मला कळलं नाही' एवढे तीन शब्द होते. सर बघत होते. टंकलेखकाची बोटं थबकून वाट बघत होती. पोरगी बघत होती. मिस्त्रींच्या कानशिलांत शाफ्टमधल्यासारखी घरघर सुरू झाली.

"बघितलं होतं, म्हणते," ते म्हणाले.

टंकलेखकाची बोटं चालू लागली. बिट्टीला बापाचे ओठ दिसले नव्हते, मिशी तिथे होती. तिला ती बोटं तेवढी दिसली. आपलं म्हणणं कुठेतरी उतरतंय, एवढं तिला कळलं. तिने टेबलाखालून बापाचा हात धरला आणि दाबला. आई गेल्यापासून तिने तो कधी धरला नव्हता.

शेवटी मिस्त्रींनी जबाबाखाली सही केली.

रविवारी दुपारी दुभाषीबाई घरी आल्या. काळेच कपडे. मिस्त्रींनी गॅसवर चहाचं पाणी ठेवलं, तर बाई म्हणाल्या, "नको. आधी तिला सांगते." आणि पोरीसमोर बसून हात चालवू लागल्या.

मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांना एक खूण कळत नव्हती, पण मुलीचा चेहरा समोर होता. आधी तो नुसता ऐकत होता. मग भुवया जवळ आल्या. मग तिने बाईंचा हात मध्येच पकडून थांबवला, जसं आपण म्हणतो, पुन्हा सांगा. बाईंनी पुन्हा सांगितलं. बिट्टी हळूच वळली आणि तिने बापाकडे बघितलं.

"समितीने तिला प्रयोगाच्या विषयांतून काढलंय," बाई म्हणाल्या. "म्हणजे रसायनशास्त्र संपलं. बाकीची मुलं थांबलेली बघूनही तिने काम चालू ठेवलं, असं तिने स्वतः कबूल केलंय म्हणे."

बिट्टीचे हात सुरू झाले. आता ते हळू नव्हते. आणि बाई, सवयीने, शेजारी बसून ते हात बोलू लागल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा बाप-लेकीचं सलग बोलणं होत होतं, ते असं तिसऱ्याच बाईच्या तोंडून.

"ती म्हणतेय, मी 'नंतर' म्हटलं होतं. उसळल्यानंतर बघितलं. दोनदा म्हटलं. तुम्ही 'नंतर' का सांगितलं नाही?"

मिस्त्री म्हणाले, "मला ती खूण आली नाही. आपल्या घरची वेगळी आहे. ही." त्यांनी तळहात खाली दाबला.

बिट्टीने ते बघितलं. तिचा चेहरा शांत झाला, आणि त्या शांतपणाची मिस्त्रींना जास्त भीती वाटली.

तिचे हात थोडकेच हलले. बाईंनी मिस्त्रींना विचारलं, "सांगू का?"

"सांगा."

"ती म्हणतेय, ही 'नंतर'ची खूण नाही. ही केल्यावर नंतर कधी काही सांगितलंच गेलं नाही. मला लहानपणापासून वाटायचं की याचा अर्थ 'गप्प बस' असतो."

गॅसवर पाणी उकळून आटून गेलं, भांडं करपलं, तरी कुणी हललं नाही. वास बिट्टीलाच आधी आला. तिने जाऊन गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी काम सोडून मिस्त्री अध्यक्षबाईंच्या दारात जाऊन बसले. त्यांनी आत बोलावलं, बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं.

"पण सही तुमची आहे."

"माझी आहे. पण मी चुकीचं सांगितलं, बाई. मला तिची भाषा येत नाही."

"मग त्या दिवशी का बोलला नाहीत?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "लाज वाटली."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मिस्त्रींना भांडता तरी आलं असतं. "फेरविचार मागता येईल. पण त्यासाठी मदत कक्षाचा दुभाषी हवा, आणि मदत चालू विद्यार्थ्यांनाच मिळते."

"मग?"

"विषय काढल्यामुळे तिचं नाव पटावर नाही. या घटकेला ती विद्यार्थिनी नाही."

"बाहेरून आणतो. माझ्या पदरच्या पैशाने."

"नियमात बसत नाही हो," त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका मऊ होता की जणू मिस्त्रींचंच सांत्वन चाललं होतं.

फेरविचार कागदावर झाला. निर्णय कायम. जोडीदारणीने बिट्टीच्या बाजूने लिहून दिलं होतं, पण तिच्या आईवडिलांना कुणीतरी जबाबदार हवं होतं, आणि भांडारातल्या माणसापेक्षा, सरांपेक्षा, विद्यापीठापेक्षा बहिरी मुलगी सोपी होती. सरांना ताकीद मिळाली. भांडारातला माणूस दुसऱ्या इमारतीत गेला.

प्रयोग नसलेला एखादा विषय घे, असं मदत कक्षाने बिट्टीला सुचवलं. तिने तो घेतला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला कापड रंगवायचा कारखाना होता, तिथे ती रंग कालवायच्या कामाला लागली. मुकादम खूश होता. यंत्रांच्या गोंगाटात बाकीच्यांचं डोकं उठायचं, हिचं उठत नव्हतं. कारखान्याजवळ बहिऱ्या मैत्रिणींबरोबर तिने खोली घेतली. निघताना एकच पिशवी घेतली. मिस्त्री उचलायला पुढे झाले, तर तिने ती दुसऱ्या खांद्यावर घेतली.

अक्का म्हणाली, "जाऊ दे. रागावली आहे, येईल."

"रागावली असती तर भांडली असती," मिस्त्री म्हणाले.

मग ते खुणा शिकू लागले. दुभाषीबाई रविवारी सकाळी वर्ग घ्यायच्या. वर्गात सगळे तरुण आईबाप, मांडीवर वर्षा-दोन वर्षांची बहिरी पोरं. त्यांच्यामध्ये पिकल्या केसांचे मिस्त्री. तारा ओढून ओढून बोटं ताठरलेली, वळता वळेनात. एका तरुण बापाने विचारलं, "तुमचं बाळ केवढं आहे, काका?" मिस्त्री म्हणाले, "एकवीस वर्षांचं." तो माणूस हसला. मग मिस्त्रींचा चेहरा बघून सरकला आणि त्यांना शेजारी जागा करून दिली.

सुट्टीच्या दिवशी ते बिट्टीच्या खोलीवर जाऊ लागले. ती दार उघडायची, बसायला द्यायची. ते शिकलेलं वाक्य करून दाखवायचे, ती मान हलवायची. कधी चूक दुरुस्त केली नाही. परक्या माणसाचं बोलणं आपण दुरुस्त करत नाही, तशी.

पुढच्या वर्षी विद्यापीठाने नियम बदलला. अपघाताची चर्चा वरपर्यंत गेली होती. आता बहिऱ्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतही दुभाषी मंजूर. मिस्त्रींना बातमी लागली तसे ते धावत मदत कक्षात गेले. खुर्चीवर साहेब नवे होते. त्यांनी संगणकात बघितलं, मान हलवली. शिक्षणात खंड पडलेल्यांना हा निधी लागू नाही. शिवाय नावापुढे शिस्तभंगाची नोंद.

"तिच्यामुळेच तर नियम बदलला," मिस्त्री म्हणाले.

"असेल," साहेब म्हणाले. "मी नवीन आहे."

त्यानंतर काही दिवसांनी विद्यापीठाच्या विज्ञान इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि काम मिस्त्रींच्या वाट्याला आलं. काम उरकून हत्यारांची पेटी घेऊन ते जिन्याने उतरत होते. वाटेत प्रयोगशाळेचं काचेचं दार होतं. आत मुलं पांढरे कोट घालून उभी होती. सर बोलत होते, तेच सर, आता दर वाक्यानंतर थांबत. त्यांच्या शेजारी काळ्या कपड्यांतल्या दुभाषीबाई. समोर एक बहिरी मुलगी, बारीक, दोन वेण्यांची, बाईंच्या हातांवर डोळे लावून. मिस्त्री पेटी खाली ठेवून तिथेच उभे राहिले. बाईंचे हात चालले होते, आणि त्यांतलं त्यांना अधूनमधून काही कळत होतं. 'हळू.' 'तापव.' 'आता थांब.' शिपायाने येऊन "काही हवंय का?" असं विचारलं, तेव्हा ते निघाले.

सुट्टीच्या दिवशी ते बिट्टीकडे गेले. ती कपडे धूत होती. नखांच्या कडांना रंग मुरलेला, निळा आणि तपकिरी. सांगावं की नाही, हे त्यांचं वाटेत ठरलं नव्हतं. पण तिने तोंड वर केलं आणि त्यांचे हात आपोआप उठले. अडखळत, चुकत, त्यांनी सगळं सांगितलं. लिफ्ट. काचेचं दार. सर. बाई. नवी मुलगी. एका ठिकाणी खूण आठवेना तेव्हा ते थांबले आणि खुणेनेच म्हणाले, येत नाही. बिट्टीने हात पुसले आणि शेवटपर्यंत बघितलं.

मग तिने विचारलं, "कुठला प्रयोग चालला होता?" खूण सोपी निवडली होती, त्यांना कळेल अशी.

मिस्त्रींनी आठवून सांगितलं. निळे खडे होते. खाली ज्योत होती. तापवल्यावर पांढरे होत होते.

बिट्टीला ओळखायला वेळ लागला नाही.

"सोपा आहे तो," तिने सांगितलं. "पहिल्याच आठवड्यात देतात."

मिस्त्री पुढच्या खुणेची वाट बघत राहिले. तिने बादलीतलं पाणी ओतलं, पिळलेले कपडे दोरीवर टाकले, आणि कारखान्यातल्या पाळीची वेळ झाली म्हणून चपला घालायला गेली.